हेलिगोलंडचें बेट आणि मराठवाड्याचे पाहुणे

मराठवाड्यांतील शेतकऱ्यास भोरडीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली, कीं काळ्या डोक्याच्या व गुलाबी अंगाच्या या पांखरांचे थवेच्या थवे शेतावर उतरतात, आणि नांदेडपासून लातूरपर्यंत माळ्यावर उभा असलेला राखण्या गोफण फिरवूं लागतो. उन्हाळा तापूं लागला, कीं हे थवे नाहींसे होतात. मध्य आशियापासून पूर्व युरोपपर्यंतच्या गवताळ मुलुखांत त्यांचीं घरटीं असतात आणि तेथें तीं पिलांना टोळ व नाकतोडे भरवितात. येथें पिकाचें नुकसान करणारें पांखरूं तेथें पिकाचा कैवार घेतें! पक्षी कोठून येतो व कोठें जातो, हें गोफणीनें कळत नाहीं आणि बंदुकीनेंही कळत नाहीं. तें कळण्यास निराळेंच साधन लागलें.

तें साधन म्हणजे पायांतील एक हलकें कडें. १८९९ सालीं डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नांवाच्या एका शिक्षकानें आपल्या साळुंकीच्याच कुळांतील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमचीं क्रमांक घातलेलीं कडीं चढवून त्यांना सोडून दिलें. दूरच्या गांवीं तें कडें कोणास सांपडलें, तर पक्ष्याच्या प्रवासाचा पुरावा हातीं यावा, इतकी ती साधी कल्पना होती.

या कल्पनेस उत्तर समुद्रांतील हेलिगोलंड बेटावर उत्तम क्षेत्र लाभलें. हें तांबड्या खडकाचें चिमुकलें बेट १८०७ पासून इंग्रजांच्या ताब्यांत होतें. १८९० सालीं तें करारानें जर्मनीकडे आलें. चहूंकडे पाणी आणि मध्यें हा एकच विसांवा, म्हणून वसंतांत व शरदांत असंख्य पक्षी तेथें उतरतात. हाइन्रिख गेट्के हा चित्रकार १८३७ सालीं तेथें आला आणि पन्नासांहून अधिक वर्षें पक्ष्यांच्या नोंदी करीत राहिला. बेटवासीयांची दृष्टि मात्र वेगळी होती. उघड्या खडकावर झुडपांचा आडोसा रचून त्यांत शिरलेले कस्तुर ते जाळ्यांत धरीत आणि खात. १९१० सालीं हुगो व्हायगोल्ड यानें तेथें पक्षिनिरीक्षणाचें केंद्र स्थापिलें, तेव्हां त्यानें हीच युक्ति उचलली. झुडपांची बाग लाविली गेली आणि पुढें तोंडाशीं रुंद व आंत चिंचोळा होत जाणारा जाळीचा बोगदा तयार झाला. सांपडलेल्या पक्ष्याच्या पायांत कडें घालीत आणि त्यास मोकळें करीत. जाळें तेंच राहिलें. हेतु मात्र पालटला.

हें जाळें जवळून पाहिलेल्यांत मुंबईचे एक गृहस्थ होते. सलीम अली यांचा जन्म १८९६ सालचा. बालपण खेतवाडींत मामांच्या घरीं गेलें. विद्यापीठाची पदवी नसल्यानें सरकारी प्राणिशास्त्र खात्याचें दार त्यांना बंद राहिलें. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें कांहीं काळ नोकरी करून ते पुढील अभ्यासासाठीं बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखालीं शिकले. त्याच मुक्कामांत हेलिगोलंडच्या केंद्रावर कडीं घालण्याचा अनुभव त्यांनीं घेतला. १९३० सालीं ते परतले, तों पैशाच्या टंचाईमुळें म्युझियममधील जागाच उरली नव्हती. मग अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहून त्यांनीं सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला.

त्यानंतर १९३१-३२ सालीं त्यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. त्या संस्थानांत नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद व उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे होते. लातूर तेव्हां उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. या पाहणींत बंदूक होतीच, कारण पक्ष्याची ओळख पटविण्यास त्याचें कातडें संग्रहीं असावें, हा त्या काळचा शास्त्रसंमत प्रघात होता. परंतु शिकारी ज्याची नुसती संख्या मोजतो, त्याचें खाद्य, घरटें आणि ऋतु यांची नोंद हा मनुष्य ठेवीत होता.

हेलिगोलंडचा धडा भारतांत मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडण्यास १९५९ साल उजाडावें लागलें. म्हैसूर राज्यांत क्यासनूर येथें गोचिडांपासून होणारा एक ज्वर १९५७ सालीं उघडकीस आला होता. त्याचे विषाणू उत्तरेकडून पक्ष्यांबरोबर आले असावेत काय, अशी शंका होती. तिच्या निमित्तानें जागतिक आरोग्य संघटनेचें साहाय्य मिळालें आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें सलीम अलींच्या नेतृत्वाखालीं हजारों पक्ष्यांच्या पायांत कडीं घातलीं. कडें सांपडल्यास सोसायटीस कळवावें, अशी सूचना त्यावर कोरलेली असे.

आज गोदावरीवर पैठणच्या नाथसागराचें पक्षी अभयारण्य आहे; तें १९८६ सालीं घोषित झालें. नांदेड व यवतमाळ यांच्या सीमेवर पैनगंगेच्या कांठचें अभयारण्य आहे. परंतु भोरडी यांपैकीं कशाचीही सीमा ओळखीत नाहीं; तिला हवें उघडें शेत आणि उघडा माळ. त्या माळाचा खरा वतनदार माळढोक. त्यास राष्ट्रीय पक्षी करावें, असें सलीम अलींनीं सुचविलें होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, तरी महाराष्ट्रांत तो आतां जवळजवळ दिसेनासा झाला आहे. परदेशी पाहुण्याच्या पायांत कडें घालून त्याचा मार्ग शोधतां आला. घरच्या वतनदाराचा माळ मात्र पडीक जमीन म्हणून आपण मोडून टाकला. बेटावरच्या लोकांनीं आपल्या जाळ्याचा हेतु पालटला, तसा माळाकडे पाहण्याचा आपला हेतु पालटावयाचा आहे.