टेललाइटची चकाकी आणि अजिंठ्याची लाख

परवा शनिवारी पुंडलिकनगरला मावशीकडे गेलो होतो. चहा हातात पडायच्या आत धाकटा मावसभाऊ म्हणाला, "दादा, गाडीचे टेललाइट स्मोक करायचेत. पण मॅट नको, एकदम ग्लॉसी पाहिजे. कसं करतात?" घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं त्यालाच विचारतात. असो.

त्याने मित्राच्या गाडीवर आधी प्रयोग केला होता म्हणे. काळा स्प्रे मारला आणि वाळल्यावर लाइट शाळेतल्या पाटीसारखा दिसायला लागला. कारण साधं आहे. चकाकी रंगात नसते, पृष्ठभागाच्या सपाटपणात असते. खरखरीत पृष्ठभाग प्रकाश दाही दिशांना उधळतो, गुळगुळीत पृष्ठभाग एकाच दिशेला परत पाठवतो. म्हणून टिंटचे पातळ हात द्यायचे, वर क्लिअर कोट मारायचा, तो पूर्ण कडक झाला की १५०० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवायचा, शेवटी रबिंग कंपाउंड. (टेललाइटची 'काच' बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. थिनरने पुसलीत तर बारीक तडे जातील!) थोडक्यात, चमक देतो तो सगळ्यात वरचा, बिनरंगाचा थर.

या थराची कुळकथा जुनी आहे. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्दच मुळात आपल्या लाखेवरून गेलाय. आणि लाखेच्या एका थराची मोठी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली, इथून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याला.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. चित्रांचा गिलावा सुटत चालला होता. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते गुलाम याझदानी. निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना बोलावलं. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, आणि रंग टिकावेत म्हणून चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. मूळ चित्रं कोरड्या गिलाव्यावरची, म्हणजे आजच्या भाषेत मॅट. व्हार्निशने ती उजळली, चमकायला लागली. पण लाख काळानुसार पिवळी पडते, मग तपकिरी, आणि वरची धूळही धरून ठेवते. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तोच थर इंच-इंच काढत बसावं लागलं. सर्वात जुनी चित्रं असलेल्या ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतही. इटालियन मंडळींना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांनी गिलावा धरून ठेवला नसता तर साफ करायला चित्रंच उरली नसती, असं मला वाटतं.

आता गंमत बघा. चित्र स्वतः उजेड देत नाही. बाहेरचा उजेड त्या पिवळ्या थरातून आत जातो आणि त्याच थरातून परत येतो. मार दुप्पट. टेललाइटमध्ये लाल रिफ्लेक्टर असतो ना, त्याचंही तेच. स्मोक टिंटने निम्मा प्रकाश अडवला तर बल्बचा निम्मा उरतो, पण रिफ्लेक्टरचा फक्त चौथा हिस्सा. आणि रात्री जालना रोडवर गाडी बंद पडून दिवे गेले, तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसायला रिफ्लेक्टरच असतो.

बल्बचाही हिशेब कागदावर मांडून दाखवला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. समजा एखादा दिवा जेमतेम तेवढाच दिसतोय. प्रकाश निम्मा केला तर ढोबळमानाने ११० मीटर. म्हणजे ४५ मीटर गेले. ताशी ८० च्या वेगाला हे दोन सेकंद होतात.

भाऊ थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आणि टिंट न मारता नुसता क्लिअर कोट मारला तर?"

त्याचे लाइट उन्हाने धुरकट झालेच होते. नुसतं घासून क्लिअर मारला तरी लाल रंग ओला असल्यासारखा दिसेल, असं मी म्हटलं. तो लगेच गाडीची किल्ली घेऊन पॉलिश पेपर आणायला गजानन महाराज मंदिराच्या दिशेला गेला. मावशीने मला दुसरा चहा दिला.