लाइट गेल्यावर : कंदिलापासून बॅटरीपर्यंत



इतिहास म्हटला की आपल्याला गड आठवतात, लढाया आठवतात. पण दिवेलागणीनंतर घरात उजेड कुठून यायचा, तो कोण सांभाळायचं, यालाही इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. अलीकडे बऱ्याच गटांत इन्व्हर्टरसाठी कर्ज मागणाऱ्या बायका वाढल्यात. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून वीस-पंचवीस हजारांचा खर्च होतो. दुकानदार सांगेल ती बॅटरी उचलून आणण्याआधी ही वस्तू आपल्या घरापर्यंत कशी आली ते ऐकून घ्या.

आपल्या सातारा जिल्ह्यात कराडजवळ ओगलेवाडी आहे. तिथे 1916 साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. तोवर चांगला कंदील म्हणजे विलायती माल. गावाचं नावच कारखान्यावरून पडलं. आज सत्तरी गाठलेल्या बाईला विचारा, काच राखेनं घासून फडक्यानं पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं, हे काम कुणाचं होतं? घरातल्या मुलीचं किंवा सुनेचं. बोटं बारीक म्हणून काचेत हात जायचा तो लहान पोरीचा. कंदील ओसरीवर, पुरुषमाणसांत. चुलीपाशी मात्र चिमणी, पत्र्याची नाहीतर बाटलीची, धूर ओकणारी. उजेडाची वाटणीसुद्धा अशी होती. चिमणी कलंडून भाजलेल्या बायका आणि लेकरं गावोगाव होती.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. किती रॉकेल आहे, किती रात्री पुरेल, आज वात मोठी करायची की बारीक, हा हिशोब बाईच्या डोक्यात पक्का असायचा. रेशनवरचं निळं रॉकेल महिनाभर पुरवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं.

वीज महाराष्ट्रात आली ती डोंगरातून, पण डोंगरातल्या माणसांसाठी नव्हे. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे मुळशीला धरण व्हायला लागलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यातूनच पुढे आले. धरण झालंच. मग आली आपली कोयना. 1962 मध्ये तिथं पहिली वीज तयार झाली. लोक तिला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण ज्यांची गावं शिवसागराच्या पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्या कितीतरी घरांत पुनर्वसनानंतरही वर्षानुवर्षं कंदीलच होता. तारा डोक्यावरून जायच्या, उजेड दुसऱ्याच्या गावात पडायचा.

मग खेड्यात खांब आले, मीटर आलं, साठचा बल्ब आला. कंदील फळीवर गेला, पण अडगळीत नाही. लाइट जायचीच, त्यामुळे काच पुसून तयार ठेवायची सवय सुटली नाही.

बॅटरीही तशी जुनीच. 1859 साली गास्तों प्लांटे नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाचे पत्रे गंधकाच्या तेजाबात बुडवून अशी बॅटरी केली, जी रिकामी झाली तरी पुन्हा भरता येते. आपल्या बहुतेक इन्व्हर्टरखाली जी पन्नास-साठ किलोची बॅटरी असते ना, ती त्याच जातीची. सुधारणा पुष्कळ झाल्या, पण आत शिसं आणि तेजाबच. दीडशे वर्षांपूर्वीची वस्तू आपण 'नवीन मशीन' म्हणून हप्त्यानं घेतो, बरं का!

खेड्यातल्या घरात ही बॅटरी पहिल्यांदा शिरली ती उजेडासाठी नव्हे, टीव्हीसाठी. 1987-88 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, नंतर 'महाभारत'. ऐन वेळी लाइट गेली तर कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचं. लहान काळा-पांढरा टीव्ही बारा व्होल्टवर चालायचा. अख्खी आळी दारात. बॅटरीवर घर चालतं हे आपल्या गावांना कळलं ते असं.

खरी वेळ आली ती 2005 च्या सुमाराला. विजेची मागणी वाढत गेली होती, पण नवी केंद्रं त्या वेगानं उभी राहिली नव्हती. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प 2001 मध्येच बंद पडला होता. 2005 च्या जून महिन्यात वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण अशा कंपन्या झाल्या आणि त्याच काळात भारनियमन हा शब्द आपल्या तोंडी बसला. मुंबई त्यातून वगळलेली, मोठ्या शहरांत थोडे तास, आणि खेड्यात बारा-बारा तास.

त्यातला एक नियम फार जणींना ठाऊक नव्हता, अजूनही नसतो. कुठे किती तास वीज तोडायची हे त्या भागातली गळती, चोरी आणि बिलाची वसुली बघून ठरायचं. भागांचे गट केले होते. वसुली चांगली असेल तिथे कमी तास, वाईट असेल तिथे जास्त. ऐकायला न्याय वाटतो. पण ज्या बाईनं कोंबडी विकून वेळेवर बिल भरलं, तिच्या घरीही अंधारच, कारण तिच्या लाइनवर दुसऱ्या कुणाचा आकडा होता. शिक्षा घराला नाही, लाइनीला होती. मला विचाराल तर त्या काळातला हा सगळ्यात मोठा अन्याय होता, तासांपेक्षाही मोठा.

त्या अंधाराची किंमत आपण कशी मोजली? दळण घेऊन गिरणीत तासन्‌तास बसून. पाण्याच्या टाकीत मोटर चढली नाही म्हणून लांबच्या हापशावर जाऊन. नवरा रात्री पाणी द्यायला शेतावर गेला की विंचू-सापाच्या भीतीनं जागं राहून. आणि दहावीची पोर मेणबत्तीपाशी केस जळतील म्हणून वेणी मागे टाकून वाचायची.

याच काळात इन्व्हर्टर गावात आला. आधी डॉक्टरकडे, पतसंस्थेत, मोठ्या वाड्यात. मग मास्तरांच्या घरी. आणि इथेच एक बदल झाला. रॉकेलचा हिशोब बाईकडे होता, बॅटरीचा हिशोब दुकानदाराकडे गेला. तो म्हणाला मोठी घ्या, आपण मोठी घेतली. त्यानं 150 म्हटलं की आपण मान डोलावली.

तर तो हिशोब परत आपल्याकडे घेऊ या. अवघड काही नाही. बॅटरीवर 12 व्होल्ट आणि 150 एएच लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा, 1800. हे झालं तिचं भरलेलं भांडं. पण ते तळापर्यंत रिकामं करायचं नसतं, बॅटरी लवकर मरते. निम्मं वापरायचं धरा, म्हणजे 900. आता दिवे मोजा. साठचे चार बल्ब म्हणजे 240. 900 ला 240 नं भागलं तर पावणेचार येतात. थोडी वीज इन्व्हर्टर स्वतः खातो, म्हणून तीन तास धरा. वीस हजारांत तीन तास! त्या काळी इन्व्हर्टर परवडायचा नाही तो यामुळे.

आता तेच चार दिवे 9 वॅटचे एलईडी लावा. बेरीज 36. तीच बॅटरी पंधरा तासांहून जास्त चालते.

बघा, बॅटरी तीच आहे. बदलला तो दिवा. लाल आणि हिरवा बारीक दिवा आधीपासून होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तो कुणाला साधत नव्हता. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो साधला. 1990 च्या दशकात तो बाजारात आला आणि 2014 मध्ये तिघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे 2015 मध्ये उजाला योजना आली, वीजबिल दाखवून एलईडी बल्ब मिळायला लागले आणि त्यांचे भाव उतरले. माझ्या मते खेड्यातल्या घराला अंधारात सोबत मिळाली ती मोठ्या बॅटरीनं नव्हे, या कमी खाणाऱ्या दिव्यानं.

म्हणून इन्व्हर्टरसाठी कर्ज काढण्याआधी घरातले दिवे बदला. पंख्याचंही तेच. छताचा जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर या लाइनीवर घ्यायचीच नाही. आणि चार दिवे, एक मोबाइल एवढीच गरज असेल तर इन्व्हर्टर कशाला हवा? चार्जिंगचे दोन चांगले दिवे पुरतात. त्यांत लिथियमची छोटी बॅटरी असते. तिला पाणी घालावं लागत नाही.

मुंबईच्या आयआयटीनं सौर अभ्यास दिव्यांचं काम केलं तेव्हा हीच गोष्ट पुढे आली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या खेड्यांत शाळेच्या मुलांना शे-सव्वाशे रुपयांत दिवा मिळाला. दिवे जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम गावातल्याच माणसांना शिकवलं, पुढे बचत गटांच्या बायकांनाही. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर यातून स्वतःची कंपनी उभी केली.

भारनियमन कमी झालं तसं आपण निर्धास्त झालो. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. रायगडात आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे मोठा इन्व्हर्टर असलेलं घरही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंधारात गेलं, कारण बॅटरी भरायलाच लाइट नव्हती. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, साठवतो. कंदिलात रॉकेल बाहेरून ओतता यायचं, इथे ते नाही. ज्यांच्याकडे छोटा का होईना सौर दिवा होता, त्यांचा मोबाइल चालू राहिला. दरवर्षी वादळ-पावसात चार दिवस लाइट जाणारं गाव असेल तर खर्च बॅटरीच्या आकारावर नको, छतावरच्या एखाद्या सौर पट्टीवर करा.

शिशाची बॅटरी घरात असेलच तर ती कुठे ठेवलीय ते आज संध्याकाळी बघा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. चुलीजवळ, गॅसजवळ, देवघराखाली ती नको. बंद कपाटात नको, वारा हवा. पाणी घालायचं ते बॅटरीचं, बाटलीत मिळतं ते. नळाचं किंवा हापशाचं क्षाराचं पाणी घातलं की ती गेलीच. आणि पाण्याची पातळी बघायला काडी पेटवू नका.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याचा मोह होतो, कारण शिशाला भाव आहे. पण ती उघड्यावर फोडली जाते, तेजाब मातीत जातं, शिशाची धूळ अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जाते, आणि शिसं मुलांच्या मेंदूला मारतं. यासाठी 2001 मध्ये पहिल्यांदा नियम झाले, 2022 मध्ये नवे आले. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या, तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या आणि ते बिलावर लिहून मागा. दुकानदार पहिल्यांदा 'ताई, त्याचं काही विशेष येत नाही' म्हणेल. जुन्या बॅटरीचं वजन करायला सांगा.