पंधरा लाथा

संध्याकाळी मी सामायिकाला बसायचे आणि बाहेरच्या खोलीत मुलाच्या प्लेस्टेशनवर धपाधप मारामारी. इंदूरच्या आमच्या जैन घरात हे काय चाललंय? एकदा चिडून मी तारच काढली. "आई, आधी एक सामना बघ, मग बोल," तो म्हणाला.

सामना 2004 सालचा, कॅलिफोर्नियातला. खेळ 1999 मध्ये आलेला 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'. जपानच्या दाइगो उमेहाराच्या पात्रात जेमतेम जीव उरलेला. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग. त्याचा मोठा डाव नुसता अडवला, तरी थोडा जीव जातोच. म्हणजे हार ठरलेली. उपाय एकच. लाथ पोचते नेमक्या त्या क्षणी जॉयस्टिक तिच्याच दिशेने ढकलायची. मागे सरायचं नाही. पहिली लाथ तर डाव दिसण्याआधीच ओळखावी लागते. दाइगोने ओळीने 15 लाथा परतवल्या आणि उलट डाव टाकून तो सामना जिंकला.

1991 च्या 'स्ट्रीट फायटर टू'पासून मुलं या खेळांच्या नादी का लागली, ते तेव्हा कळलं. बोटं चालतात, पण वाचायचं असतं समोरच्याचं मन. त्याला धीर लागतो, आणि रागावलेला माणूस इथे आधी हरतो.

पुढे अंतिम फेरीत दाइगो हरला. तरी लोकांना आठवतात त्या 15 लाथाच.

मी तार परत लावली. सामायिकाच्या वेळी आवाज मात्र बंद, एवढं कबूल करून घेतलं.