दाणा, वैरण आणि मांस

जनावराच्या पोटांत किती घातलें आणि त्यांतून माणसाच्या ताटांत किती आलें, हा प्रश्न वरकरणी खाटकाच्या नाहीं तर गवळ्याच्या वहींतला आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं गोमांसाचें नांवहि निघत नाहीं. तेव्हां असल्या विषयाला या पानांत जागा कशाला, अशी शंका कोणी काढल्यास ती अस्वाभाविक म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या हिशेबाच्या भरंवशावर एका बलाढ्य राष्ट्रानें आपलीं लक्षावधि जनावरें मारलीं आणि तरीहि उपास काढले, व शेजारच्या एका चिमुकल्या राष्ट्रानें जवळजवळ तोच हिशेब मांडून आपली प्रजा तगविली, तो हिशेब खाटकाच्या वहींत राहत नाहीं. तो इतिहासांत येतो.

त्याचा पद्धतशीर आरंभ इंग्लंडांत झाला. जॉन बेनेट लॉज या जमीनदारानें रॉथॅम्स्टेड येथील आपल्या वडिलोपार्जित शेतावर १८४३ पासून गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्यानें प्रयोग चालविले होते. १८५९ सालीं या दोघांनीं दहा जनावरांच्या सबंध शरीरांचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. त्यांत बैल, वासरूं, मेंढ्या व डुकरें होतीं. कांहीं रोड, कांहीं अर्धवट पोसलेलीं, कांहीं चांगलीं माजलेलीं. त्यांतून निघालेला निष्कर्ष त्या वेळच्या समजुतीला धक्का देणारा होता. जनावर दाणा चारून 'लठ्ठ' केलें म्हणजे त्याचें मांस वाढतें, असें शेतकरी व ग्राहक दोघेहि समजत. वास्तविक वाढते ती मुख्यतः चरबी, आणि मांस ज्याचें बनतें तीं नत्रयुक्त द्रव्यें त्या मानानें फारच थोडीं वाढतात. म्हणजे पैसे मोजावयाचे मांसाचे आणि तराजूंत पडावयाची चरबी!

पुढची पायरी जर्मनीची. लाइप्सिकजवळ म्योकर्न येथें ऑस्कर केल्नर यानें बैलांना बंद खोलींत ठेवून त्यांचा श्वास, मल, मूत्र सर्व मोजलें. (हाच केल्नर त्यापूर्वीं अकरा वर्षें टोकियोस शेतकी रसायनशास्त्राचा अध्यापक होता, जपानी भाताच्या खतांवर त्यानें केलेलें काम तिकडे अद्याप आदरानें आठवतात.) त्याला असें आढळलें कीं, पूर्ण वाढलेल्या बैलास निर्वाहापुरतें खाद्य देऊन वर एक किलोग्रॅम शुद्ध पिष्ट दिलें, तर त्याच्या अंगीं २४८ ग्रॅम चरबी चढते. हें झालें उत्तमांत उत्तम खाद्याचें. पेंढ्याची गोष्ट निराळी. पेंढ्यांतील पचणारा भाग रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पिष्टाच्या जवळचाच. पण तो चावतां चावतां, रवंथ करतां करतां आणि पचवितां पचवितांच त्यांतील बरीचशी शक्ति खर्ची पडते. बाकी उरते ती बेताचीच.

आणि येथेंच गळती थांबत नाहीं. जनावर नुसतें उभें राहिलें तरी त्यास अंग ऊबदार ठेवावें लागतें, हृदय व फुप्फुसें चालवावीं लागतात. गुरांच्या पोटांत जो वायु तयार होतो, त्याबरोबर खाद्यांतील शक्तीचा एक भाग वाऱ्यावर जातो. कापल्यानंतर जिवंत वजनाच्या सुमारें साठ टक्केच धड हातीं लागतें, आणि त्यांतून हाडें वजा करावीं लागतात. पण आमच्या मतें या सर्वांहून मोठा, आणि बहुधा विसरला जाणारा, खर्च आईचा आहे. डुकरीण एका वेतांत आठ-दहा पिलें देते. गाय नऊ महिने गाभण राहून एकच वासरूं देते, आणि तिला वर्षभर खाऊं घालावें लागतें. तें सर्व त्या एका वासराच्या खात्यावर मांडावयाचें. गोमांसाचा हिशेब इतर मांसांहून वाईट उतरतो त्याचें एक मोठें कारण हें आहे.

हा सारा जमाखर्च एका ठिकाणीं मांडण्याचें श्रेय अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियाच्या सरकारी कॉलेजांतील हेन्री आर्म्स्बी यांस दिलें पाहिजे. त्यांनीं १९०२ च्या सुमारास सबंध बैल मावेल एवढें उष्णतामापक यंत्र उभारलें. १९१७ सालीं, अमेरिका महायुद्धांत उतरली त्या वर्षीं, त्यांनीं एक छोटासा लेख लिहिला. त्यांत त्यांनीं सांगितलें कीं, जनावरास घातलेल्या धान्यांतील शक्तीपैकीं माणसाला परत मिळते ती डुकराच्या मांसाच्या रूपानें सुमारें २४ टक्के, दुधाच्या रूपानें १८ टक्के, आणि गाईच्या किंवा मेंढीच्या मांसाच्या रूपानें केवळ साडेतीन टक्के. लेखाचें नांव त्यांनीं 'भाजलेलें डुकर' असें ठेवलें होतें. चार्ल्स लँबचा त्याच विषयावरचा निबंध ज्यांनीं कॉलेजांत वाचला असेल त्यांना, घर जाळून डुकर भाजणारे ते चिनी बापलेक आठवल्याशिवाय राहणार नाहींत.

शंभरांतले साडेशहाण्णव जळून गेले, हें एकदां सिद्ध झालें म्हणजे जनावर हें माणसाचें प्रतिस्पर्धी ठरतें. जर्मनींत हा विचार आर्म्स्बींच्या लेखाच्याहि आधीं राज्यकर्त्यांच्या दारापर्यंत गेला होता. १९१४ च्या शरदांत इंग्लंडच्या आरमारानें जर्मनीची नाकेबंदी केली. त्या वर्षाच्या अखेरीस पाउल एल्ट्सबाखर यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं पंडितांनीं देशाच्या अन्नाचा ताळेबंद प्रसिद्ध केला. एल्ट्सबाखर हे स्वतः कायदेपंडित, आणि अराजकवादावरील ग्रंथाबद्दल प्रसिद्ध. परंतु नाथान त्सुंत्स व माक्स रूब्नर यांसारखे शरीरशास्त्रज्ञ त्यांच्यासह होते. डुकरें बटाटे व राय खातात, माणसेंहि तेंच खातात; तेव्हां डुकरें कमी करा, असा त्यांच्या सल्ल्याचा सारांश होता. १९१५ च्या वसंतांत बटाट्यांची मोजदाद झाली, ती फारच कमी भरली. सरकार माल उचलून नेईल या भीतीनें शेतकऱ्यांनीं सांठे लपविले होते, हें मागाहून उघड झालें. सुमारें अडीच कोटि डुकरांपैकीं जीं मारलीं गेलीं त्यांची संख्या नव्वद लक्षांच्या आसपास धरण्याचा प्रघात आहे.

आरंभीं बाजारांत मांसाचा पूर आला. डबे घाईनें भरले, आणि त्यांतले कित्येक नासले. त्यानंतर भाव चढले व चरबीचा तुटवडा पडला. जनावरें कमी झालीं तसें शेणखतहि कमी झालें. इकडे कृत्रिम नत्र तोफांच्या दारूंत जात होतें, त्यामुळें जमिनीला दोन्हीकडून उपास घडला. १९१६ सालीं ओल्या हवेंत बटाट्यावर रोग पडला आणि पीक निम्म्यावर आलें. पुढचा हिवाळा जर्मन लोक अद्यापि 'सलगमांचा हिवाळा' म्हणून ओळखतात, कारण एरवीं गुरांना घालावयाचें सलगम तेव्हां माणसांनीं खाल्लें.

या सर्व अनर्थाचें खापर पंडितांच्या माथीं फोडणें सोपें होतें, आणि तें फोडलें गेलें. १९३७ सालीं हिटलरचा अन्नमंत्री डारे यानें या डुकरांच्या कत्तलीवर एक पुस्तिकाच लिहिली व तींत तो ज्यूंचा कट ठरविला. एल्ट्सबाखर ज्यू कुळांतले होते, एवढा पुरावा त्याला पुरला. वास्तविक पंडितांचा गुणाकार चुकला नव्हता. ज्या बटाट्यांवर तो उभारला ते मोजण्यांतच खोट होती. पण रागावलेल्या भुकेल्या माणसाला ही सूक्ष्म वाटणी कोण समजावणार?

आतां डेन्मार्ककडे वळूं. हा देश परदेशचा मका व पेंड विकत घेऊन लोणी आणि डुकराचें मांस इंग्लंडास विकणारा. १९१७ सालीं पाणबुड्यांचें युद्ध निर्बंध झालें, अमेरिकेकडून माल येईनासा झाला, आणि तीस लक्ष लोकवस्तीच्या या देशाला आपल्याच शेतावर जगणें भाग पडलें. सरकारी पोषण प्रयोगशाळेचे मुख्य मिकेल हिंदहेदे हे अनेक वर्षें बटाटे, जाडीभरडी भाकरी व थोडेंसें लोणी यांवर माणूस उत्तम राहतो असें प्रतिपादीत आले होते. आतां त्यांचें म्हणणें ऐकणें क्रमप्राप्त झालें. डुकरांपैकीं सुमारें चार पंचमांश मारलीं. गुरें मात्र एक षष्ठांशानेंच कमी केलीं. कोंडा काढून न टाकतां रायची भाकरी भाजली आणि जव माणसांना दिला. दारू गाळण्यास धान्य मिळेना, आणि तिच्या बाटलीची किंमत दहापटीहून अधिक वाढली. हिंदहेदे यांच्या आंकड्यांप्रमाणें, रोगांमुळें होणाऱ्या मृत्यूंचें जें प्रमाण पूर्वीं हजारीं १२.५ च्या खालीं कधीं गेलें नव्हतें, तें ऑक्टोबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८ या वर्षांत १०.४ वर आलें. यांतलें किती श्रेय भाकरीचें आणि किती दारूच्या महागाईचें, याविषयीं मतभेदास जागा आहे, आणि स्वतः हिंदहेदे आपल्या भाकरीकडे थोडे अधिक झुकत, असें आम्हांस वाटतें. तथापि उपासमार झाली नाहीं, एवढें निर्विवाद आहे.

डेन्मार्कनें डुकरें मारलीं आणि गाई राखल्या, यांत मर्म आहे. आर्म्स्बींच्या कोष्टकांत तर डुकर २४ आणि गोमांस साडेतीन! पण तें कोष्टक धान्याचें होतें. डुकराचें पोट माणसासारखें. जें आपल्याला चालतें तेंच त्याला लागतें. गाईच्या पोटाच्या पहिल्या कोठ्यांत मात्र कोट्यवधि सूक्ष्मजंतु राहतात, आणि गवत, पेंढा, पाचोळा यांतील जें द्रव्य आपल्या आंतड्यांना अगदींच अभेद्य तें फोडून देतात. तिला गवतावर ठेवली तर ती कोणाच्याहि ताटांतलें ओढून घेत नाहीं. तिच्यापुढें मका टाकला म्हणजे ती प्रतिस्पर्धी होते, आणि तीहि अतिशय उधळी.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनें हा मका मुबलक टाकला. गोठ्यांच्या विस्तीर्ण वाड्यांत हजारों जनावरें कोंडून शेवटचे कांहीं महिने त्यांना दाण्यावर पोसण्याची पद्धत तेथें रूढ झाली. १९७१ सालीं फ्रान्सेस मूर लापे या बाईंनीं एक पौंड गोमांसास सोळा पौंड धान्य व सोयाबीन लागतें असें लिहून खळबळ उडविली. उलट २०१७ सालीं जागतिक अन्न व शेतकी संघटनेच्या अभ्यासकांनीं सबंध जगाचा हिशेब केला. त्यांना पशुखाद्यापैकीं ८६ टक्के माणसाला न खातां येणारें आढळलें, आणि गुरामेंढरांच्या एक किलो निर्हाड मांसास मनुष्योपयोगी खाद्य तीन किलोहूनहि किंचित् कमी लागतें असें दिसलें. सोळा आणि तीन! एका आंकड्यांत अमेरिकेचा दाण्याचा वाडा आहे. दुसऱ्यांत जगभरचीं कुरणें व कडब्याच्या गंजी आल्या आहेत. आंकडा ऐकतांच भाजक काय धरला हें विचारावें, एवढेंच आम्ही येथें सुचवितों.

आपल्याकडील एक मोजणीहि येथें सांगण्यासारखी आहे. बंगालमधील सिंगूर भागांत स्टुअर्ट ओडेनहॉल या अमेरिकन संशोधकानें खेड्यांतील गुरांचें खाद्य व त्यांचें उत्पन्न मोजून १९७२ सालीं निष्कर्ष छापले. तीं गुरें भाताचा पेंढा, कोंडा, बांधावरचें गवत असेंच खात होतीं. माणसाच्या तोंडचा घांस त्यांत जवळजवळ नव्हता. दूध, शेण आणि जोताचें काम हें सर्व उत्पन्नांत धरल्यावर त्यांची कार्यक्षमता १७ टक्के भरली. अमेरिकेच्या पश्चिमेकडील मांसासाठीं पाळलेल्या गुरांची त्यानें तुलनेसाठीं दिलेली संख्या सुमारें चार होती. आणि २०१६ सालीं अमेरिकेंतील गोमांसाचा हिशेब नव्यानें, संगणकांच्या साह्यानें मांडला गेला, तेव्हां खाद्यांतील शक्तीपैकीं माणसापर्यंत पोंचणारा वांटा सुमारें तीन टक्के निघाला. आर्म्स्बींचा साडेतीनाचा आंकडा तोंवर नव्याण्णव वर्षांचा झाला होता.