दलालांचे जाळे : घर एकाचे, निरोप शेकडोंचा

पुण्यातील कोथरूडमधल्या एका मालकाने आपला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने द्यायचे ठरवले आणि ही गोष्ट ओळखीच्या एका एजंटाच्या कानावर घातली, असे समजा. सायंकाळपर्यंत त्या फ्लॅटचा मजला, क्षेत्रफळ, अपेक्षित भाडे, अनामत रक्कम आणि दिवाणखान्याची दोन छायाचित्रे एजंटांच्या आठ-दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचलेली असतात. तिसऱ्या दिवशी मालकाला हडपसरहून, पिंपरीहून अनोळखी माणसांचे फोन येऊ लागतात. कोणी भाडे दोन हजारांनी कमी सांगतो, कोणी दोन हजारांनी जास्त. फ्लॅट भाड्याने गेल्यावरही महिनाभर हे फोन थांबत नाहीत, कारण पुढे गेलेला निरोप परत बोलावण्याची सोय कोणाकडेच नसते.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथे घर शोधणाऱ्या किंवा विकणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव थोड्याफार फरकाने परिचयाचा असेल. त्यामागे आहे ते मालमत्ता व्यवसायातील मंडळींचे आपसातले ऑनलाइन जाळे. ग्राहकाला ते दिसत नाही. त्याच्या घराचे भवितव्य मात्र बऱ्याच अंशी तेथेच ठरते.

प्रतिस्पर्ध्यांचे सहकार्य

दलालीच्या धंद्याचे एक वैशिष्ट्य असे, की येथे प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी केल्याशिवाय भागत नाही. एका एजंटाकडे घर असते, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक. दोघांनी माहिती दडवून ठेवली तर दोघांचेही नुकसान. त्यामुळे माहितीची देवाणघेवाण करायची आणि मिळालेली दलाली वाटून घ्यायची, ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावचे दलाल ठरावीक दिवशी एकत्र जमून आपापल्या हातातील घरांची माहिती एकमेकांना देत असत. दुसऱ्याचे घर विकून देणाऱ्याला मोबदल्यात वाटा मिळे. १९०८ मध्ये शिकागो येथे या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज ती ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ या नावाने ओळखली जाते. घरांच्या सामायिक यादीची पद्धत पुढे ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’ म्हणून रूढ झाली. छापील कार्डे गेली, जाडजूड पुस्तके आली, पुस्तकेही गेली आणि यादी संगणकावर आली. मूळ करार मात्र तोच राहिला. मालकाने एका दलालाशी लेखी करार करायचा, त्या दलालाने घर यादीत नोंदवायचे, आणि नोंद चुकीची वा शिळी राहिली तर त्याचा जाब त्यालाच द्यावा लागायचा.

भारतात अशी सर्वमान्य सामायिक यादी कधी उभीच राहिली नाही. येथे ‘मॅण्डेट’, म्हणजे एकाच एजंटाला विक्रीचे लेखी अधिकार देण्याची चाल, मोठ्या व्यवहारांपुरती मर्यादित राहिली. सामान्य मालक चार एजंटांना तोंडी सांगून मोकळा होतो. नंतर होणाऱ्या गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी या तोंडी सांगण्यात आहे.

अ‍ॅक्टिव्हरेनचा धडा

केवळ मालमत्ता व्यावसायिकांसाठी उभारलेल्या सोशल नेटवर्किंग संकेतस्थळांत अमेरिकेतील ‘अ‍ॅक्टिव्हरेन’चे नाव आधी घ्यावे लागते. २००६ च्या सुमारास सिएटल परिसरात ते सुरू झाले. एजंट, गृहकर्ज देणारे, घराची तांत्रिक तपासणी करणारे अशा सर्वांनी तेथे आपली ओळख नोंदवायची, आपल्या भागातील बाजाराविषयी लिहायचे, इतरांच्या लेखनावर मत द्यायचे. या सहभागाबद्दल गुण मिळत. गुणांच्या क्रमवारीत वर असणारा सदस्य अधिक ठळकपणे दिसे. एखादे कुटुंब एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघाले, की तेथील ओळखीच्या सदस्याकडे त्याला पाठवायचे आणि दलालीतील वाटा घ्यायचा, हा या मैत्रीमागचा रोकडा हिशेब होता. आपल्या गावाविषयी नियमाने लिहिणाऱ्या एजंटाचे नाव गुगलच्या शोधात वर येई, हा आणखी एक लाभ.

पुढचा प्रवास मात्र बोलका आहे. २०१२ मध्ये हे संकेतस्थळ ‘मार्केट लीडर’ या कंपनीने घेतले. २०१३ मध्ये ‘मार्केट लीडर’ला ‘ट्रुलिया’ने विकत घेतले, आणि २०१५ मध्ये ‘ट्रुलिया’ ही ‘झिलो’ची झाली. ज्या मोठ्या संकेतस्थळांच्या वाढत्या प्रभावाबद्दल सदस्य आपसात कुरकुर करीत, त्यांच्याच दारात त्यांचे वर्षानुवर्षांचे लेखन आयते जाऊन पडले. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधू नये, हे ग्राहकाला समजावून सांगणाऱ्या मंडळींनाच हा अनुभव यावा, यात थोडा विनोदही आहे.

‘लिंक्डइन’ मे २००३ पासून उपलब्ध झाले. त्याचा उपयोग कार्यालयीन जागा, गोदामे, परदेशी गुंतवणूकदार अशा वरच्या पातळीवरील व्यवहारांत अधिक होतो. दुबई किंवा न्यू जर्सीतील मराठी माणसाला पुण्यात गुंतवणूक करायची असेल, तर तेथील सल्लागार आणि येथील एजंट यांची गाठ अशा ठिकाणी पडू शकते. नाक्यावरच्या एजंटाला त्याचा उपयोग बेताचाच.

ग्रुपची भाषा

आपल्याकडे ‘नाइन्टीनाइन एकर्स’ २००५ मध्ये आणि ‘मॅजिकब्रिक्स’ २००६ मध्ये सुरू झाले. त्यांचा रोख ग्राहकाकडे होता. एजंटांना आपसात बोलण्यासाठी जागा हवी होती, ती मिळाली व्हॉट्सअ‍ॅपवर. या सेवेत एका ग्रुपमधील सदस्यांची मर्यादा २०१४ मध्ये शंभर झाली, २०१६ मध्ये २५६, तर २०२२ मध्ये आधी ५१२ आणि वर्षअखेरीस १०२४ झाली. एखाद्या उपनगरातले सारे एजंट एका ग्रुपमध्ये मावतील एवढी ही जागा आहे, आणि तिला ना भाडे ना पागडी.

या ग्रुपची स्वतःची परिभाषा तयार झाली आहे. ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे हातातले घर, ‘रिक्वायरमेंट’ म्हणजे गिऱ्हाइकाची मागणी. ‘डायरेक्ट’ असे लिहिले, की निरोप टाकणारा एजंट थेट मालकाशी बोलतो, मध्ये तिसरा नाही. ‘साइड बाय साइड’ म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पक्षाकडून दलाली घ्यायची, वाटणी करायची नाही. भाड्याच्या व्यवहारात साधारण एक महिन्याचे भाडे आणि विक्रीत एक ते दोन टक्के दलाली घेण्याची चाल असल्याने ‘डायरेक्ट’ या एका शब्दावर बरेच काही अवलंबून असते. साहजिकच त्याचा वापर सढळ हाताने होतो. तीन एजंटांच्या साखळीतील शेवटचा माणूसही आपण ‘डायरेक्ट’ असल्याचे लिहितो, आणि घर दाखवायची वेळ आली की चावी कोणाकडे आहे याचा शोध सुरू होतो.

प्रामाणिक एजंटाला या जाळ्याचा उपयोग नाही, असे मुळीच नाही. पूर्वी जे गिऱ्हाईक जुळवायला पंधरा दिवस लागत, ते कधी तासाभरात जुळते. वसईच्या एजंटाला विलेपार्ल्याचे घर मिळवून देता येते. बनावट कागदपत्रे घेऊन फिरणाऱ्या भामट्याची सूचनाही याच ग्रुपवर सर्वांत आधी फिरते. अडचण आहे ती नोंदीची जबाबदारी कोणावरच नसण्याची. तेच घर पाच ग्रुपवर पाच किमतींना दिसते. मालकाला वाटते, आपल्या घराला मागणी फार. घेणाऱ्याला वाटते, या भागात घरे पुष्कळ. दोघांचाही अंदाज चुकतो, आणि घासाघीस त्या चुकीच्या अंदाजावर होते. ग्रुपवरून उचललेली छायाचित्रे दाखवून, घर न दाखवताच ‘टोकन’ उकळणाऱ्यांचेही अशा वातावरणात फावते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘फक्त शाकाहारी कुटुंब’, ‘बॅचलर नको’ आणि त्याहून उघड जाती-धर्माच्या अटी अशा निरोपांत सर्रास आढळतात. मालकाच्या मनातला पूर्वग्रह पूर्वी दारावरच समजे. आता तो निरोपात लिहिलेल्या अटीच्या रूपाने शेकडो एजंटांपर्यंत जातो, आणि नकार मिळणाऱ्याला तो मिळाल्याचे कळतही नाही. त्याला ते घर दाखवलेच जात नाही. अमेरिकेत १९६८ च्या ‘फेअर हाउसिंग’ कायद्याने वंश, वर्ण, धर्म आदी कारणांवरून घर नाकारण्यास बंदी आहे. त्याच कायद्याच्या आधारे तेथील गृहनिर्माण विभागाने मार्च २०१९ मध्ये फेसबुकच्या घरांविषयीच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला, आणि जून २०२२ मध्ये कंपनीला न्याय विभागाशी तडजोड करून जाहिराती दाखवण्याची पद्धत बदलणे मान्य करावे लागले. खासगी घरमालकाला असा भेदभाव करण्यापासून रोखणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही.

कायदा कुठवर पोहोचतो?

२०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या एजंटाला त्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या कोणत्याही माध्यमाला सामावून घेणारी आहे, आणि एजंटाने तोंडी, लेखी वा दृश्य स्वरूपात खोटी माहिती देणे हीही अनुचित प्रथा मानली आहे. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाचे ‘प्री-लाँच’ दर ग्रुपवर पसरवणाऱ्याने हे वाक्य एकदा नीट वाचायला हवे.

महाराष्ट्रातील प्राधिकरणाने, म्हणजे ‘महारेरा’ने, आणखी पुढची पावले टाकली. जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक केले. हा कोड मोबाइलवर वाचला की प्रकल्पाची नोंद थेट समोर येते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक ‘पी’ने आणि एजंटाचा ‘ए’ने सुरू होतो, एवढे लक्षात ठेवले तरी बरीच चाळणी लागते.

पण ही तरतूद प्रामुख्याने प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. जुन्या घराची पुनर्विक्री आणि भाड्याचे व्यवहार बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि एजंटांच्या ग्रुपवर सर्वाधिक वर्दळ असते ती याच व्यवहारांची. ग्रुप चालवणाऱ्यावर बोट ठेवावे, तर तेही सोपे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या एका निकालानुसार, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ग्रुपच्या अ‍ॅडमिनला, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, फौजदारी जबाबदार धरता येत नाही. ते प्रकरण मालमत्तेचे नव्हते. अ‍ॅडमिनच्या भूमिकेविषयीचे तत्त्व मात्र येथेही विचारात घ्यावे लागेल.

अमेरिकेत हीच समस्या दुसऱ्या टोकाने सोडवण्याचा प्रयत्न झाला. तेथील राष्ट्रीय संघटनेने नोव्हेंबर २०१९ मध्ये नियम केला, की फेसबुकवर, ई-मेलने वा दारातील फलकाने घराची जाहीर प्रसिद्धी केली, तर कामकाजाच्या एका दिवसात ते सामायिक यादीत नोंदवलेच पाहिजे. मूठभर एजंटांच्या बंद ग्रुपमध्ये घर परस्पर विकले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. मार्च २०२५ मध्ये हा नियम कायम ठेवून, मालकाची लेखी संमती असल्यास व्यापक प्रसिद्धी काही काळ लांबवण्याची मुभा देण्यात आली.

मात्र शिस्तबद्ध जाळ्यातही ग्राहक सुरक्षित असतोच असे नाही. घेणाऱ्याच्या एजंटाला विकणाऱ्याने किती दलाली द्यायची, हे सामायिक यादीतच लिहिण्याच्या प्रथेमुळे तेथील दलालीचे दर चढे राहिले, असा दावा घर विकणाऱ्यांनी केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील ज्यूरीने तो मान्य केला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून दलालीचा आकडा यादीतून हद्दपार झाला. घर पाहण्यापूर्वीच घेणाऱ्याने आपल्या एजंटाशी लेखी करार करावा, हेही तेव्हापासून आवश्यक झाले.

मालकाच्या हाती काय?

येथील मालकाला अशा नियमांची वाट पाहत बसण्याची गरज नाही. घर कोणत्या ग्रुपवर जाईल, किंमत कोणती लिहिली जाईल, आपला फोन नंबर आणि घराचा क्रमांक त्यात असेल का, व्यवहार झाल्यावर तो निरोप कोण मागे घेईल, हे प्रश्न एजंटाला पहिल्याच भेटीत विचारता येतात. उत्तरे दोन ओळींत लिहून घ्यावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली तरी चालतील. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. दुसऱ्याचे नाव, नंबर आणि घराच्या चावीचा ठावठिकाणा ग्रुपवर टाकणाऱ्या एजंटालाही मग संमतीचा प्रश्न टाळता येणार नाही.

घर घेणाऱ्याने आपल्या एजंटाला एकच विचारावे : हे घर तुम्ही स्वतः पाहिले आहे का? उत्तर देताना तो मोबाइल चाळू लागला, तर टोकनचा धनादेश खिशातच ठेवावा.