परवान्याचा गांजा

आमचा आजा चिलीम ओढायचा. रोज नाही; महाशिवरात्रीला भुलेश्वराच्या डोंगरावर गोसाव्यांची धुनी पेटली की. एक झुरका, आणि चिलीम पुढच्याच्या हातात. म्हणायचा, "द्येवाचं हाय, पर हद्दीत!"

त्याच्या तरुणपणी बाजाराच्या गावी गांजाचं सरकारमान्य दुकान होतं. मक्तेदार तोळ्यानं तोलून द्यायचा. "मिसरूड फुटायच्या आधी म्या गेलतो, तर कान धरून हाकललं बग मला," हे सांगताना आजा हसायचा.

ही पद्धत कशी टिकली, ते पुढं वाचनातून कळलं. हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटात निघाला, म्हणून सरकारनं १८९३ साली आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. ११९३ साक्षी झाल्या. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात तेव्हा गांजाचं पीक निघायचं. १८९४ च्या अहवालानं सांगितलं, की माफक सेवनानं फारसं बिघडत नाही, अतिरेकानं बिघडतं. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा.

१९८५ साली केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा आला. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. तो गुन्हा, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्याच झाडाचं नुसतं पान, म्हणजे भांग, मात्र त्या व्याख्येबाहेर राहिलं. कायद्यानं दुकानाची वाट बंद केली, पण गांजा काही गेला नाही. तो उसाच्या सरीत शिरला.

आमच्या कासुर्डीत भावकीतला एक पोरगा सोळाव्या वर्षी त्याच्या नादी लागला. पुडी देणाऱ्यानं त्याचं वय विचारलं नाही, पुडीत काय आहे तेही सांगितलं नाही. कॉलेज सुटलं. रात्र-रात्र भिंतीशी बोलायचा. काकीनं देव केले, दवाखाने केले. आता तो गोळ्यांवर आहे.

त्यामुळं उरुग्वेनं २०१३ साली कायदा केला, कॅनडानं २०१८ साली मोठ्या माणसांसाठी दुकानं उघडली, हे वाचलं तेव्हा माझं मन चटकन हो म्हणेना. एकदा भीतभीतच काकीला सांगितलं, "तिकडं वय बघून देत्यात, काकी. माल किती कडक, ते पाकिटावर छापत्यात."

वाटलं, शिव्या देईल. ती शेंगा फोडत होती. हात थांबला.

"आपल्या पोराला कुणी वय इचारलं आसतं तर रं?"

मला आज्याचा मक्तेदार आठवला. त्यानं कान धरून हाकललं असतं.