थंड करणाऱ्या पाण्यावर हक्क कुणाचा?

मंडळी, आजचा विषय कॉम्प्युटरमधल्या पाण्याचा आहे. पण सुरुवात आपण बिरवाडीच्या बाजूच्या एमआयडीसीतून करू. इथे ज्यांनी केमिकल कंपनीत पाळी केली आहे, त्यांना रिअ‍ॅक्टरचं जॅकेट काय असतं ते सांगायला नको. आत रसायन तापतं, भोवतीच्या दुहेरी भिंतीतून पंप पाणी फिरवतो, ते पाणी उष्णता घेऊन कूलिंग टॉवरवर जातं, तिथे निवतं आणि परत येतं. म्हणजे चारच गोष्टी: तापणारी वस्तू, पाणी, पंप आणि निववण्याची जागा. यातलं काहीच नवीन नाही. मग याच चार गोष्टी मुठीत मावतील एवढ्या करून कॉम्प्युटरच्या चिपवर बसवल्या, तर ती कुणा एकाची मालमत्ता होऊ शकते का? अमेरिकेतल्या एका ज्युरीने २०१४ साली सांगितलं, होऊ शकते. कशी, ते आज पाहायचं आहे.

आधी पेटंट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा सरकारी परवाना. तसं नाही. पेटंट हा दुसऱ्याला अडवण्याचा हक्क आहे. तोही ठरावीक मुदतीपुरता, आज बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून २० वर्षं, आणि ज्या देशाने दिला त्या देशापुरताच. त्या बदल्यात शोध लावणाऱ्याने आपली युक्ती उघडपणे लिहून द्यायची, म्हणजे मुदत संपली की ती सगळ्यांची होते. असा हा सौदा आहे.

आणि गंमत बघा, हिंदुस्थानात हा सौदा सुरू झाला तोच मुळी गारव्यापासून. १८५६ साली इथे पेटंटचा पहिला कायदा झाला. त्याखाली पहिला अर्ज आला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरचा, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा माणसाने दोरीने ओढायचा, त्याऐवजी यंत्राने ओढावा म्हणून. तो कायदा राणीची मंजुरी न घेता केला म्हणून पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ साली पुन्हा नव्याने करावा लागला. पण नोंद राहिली: आपल्या देशातला पहिला पेटंट अर्ज हा उकाड्यावरचा उपाय होता.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. चिपमधून वीज वाहिली की ती तापते, आणि हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं. हे इंजिनिअरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. १९६०च्या दशकात आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांना पाण्याच्या नळ्या जोडल्या. १९८५ साली सेमूर क्रे यांच्या क्रे-२ या महासंगणकाची सर्किटं फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात सरळ बुडवलेली होती. पण ही यंत्रं म्हणजे खोलीएवढी, आणि त्यांच्या देखभालीला खास माणसं असायची.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी आणलं ते हौशी मंडळींनी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस. मत्स्यटाकीतला पंप, मोटारीतल्या हीटरचा रेडिएटर, बागेतल्यासारख्या नळ्या आणि घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा. चालायचं छान, पण जोड जास्त. जेवढे जोड, तेवढ्या गळतीच्या जागा, आणि पाण्याचा एक थेंब मदरबोर्डवर पडला की खेळ खलास. त्यामुळे दुकानात मांडून विकावी अशी ही वस्तू नव्हती.

इथे डेन्मार्कची असेटेक ही कंपनी येते. आन्द्रे स्लोथ एरिकसन यांनी ती २०००च्या सुमारास सुरू केली. त्यांच्या पेटंटची मुळं २००५ सालच्या अर्जात आहेत. युक्ती अशी: पंप, पाण्याचा साठा आणि चिपला टेकणारी थंड पट्टी हे तीन वेगळे भाग नकोतच. एकाच डबीत सगळं बसवायचं. त्या डबीचे वर-खाली दोन कप्पे करायचे. वरच्या कप्प्यात पंप, खालच्या कप्प्यात पाणी पट्टीवरून फिरून उष्णता उचलणार, आणि मधल्या वाटांनी दोन्ही कप्पे जोडलेले. कारखान्यातच पाणी भरून, नळ्या बंद करून माल बाहेर. ग्राहकाने फक्त स्क्रू आवळायचे.

यावर अमेरिकेत ऑगस्ट २०१२ मध्ये दोन पेटंटं मिळाली, आणि जानेवारी २०१३ मध्ये असेटेकने कॅलिफोर्नियात दावा लावला तो कूलर मास्टर या तैवानी नाममुद्रेचा माल अमेरिकेत विकणाऱ्या सीएमआय यूएसए कंपनीवर. डिसेंबर २०१४ मध्ये ज्युरीने असेटेकच्या बाजूने निकाल दिला. नुकसानभरपाई विक्रीच्या १४.५ टक्के या दराने, साधारण ४ लाख ५ हजार डॉलर. पुढे न्यायाधीश जॉन टायगर यांनी विक्रीवर कायमची मनाईही घातली.

आता नीट लक्ष द्या. बचाव पक्ष काय म्हणत होता? पंप आणि उष्णता घेणारा भाग एकत्र करण्याची कल्पना जुनी आहे. त्यांनी कोगा नावाच्या संशोधकाचं आधीचं पेटंट पुढे केलं. त्यातही पंपाचाच एक भाग उष्णता उचलतो. मग भांडण येऊन अडलं कशावर, तर ‘कप्पा’ या शब्दावर. कोगाच्या रचनेत उष्णता घेण्याचा स्वतंत्र कप्पा आहे का, की ती नुसती पाण्याची वाट आहे? लाखो डॉलरांचा निकाल एका शब्दाच्या अर्थावर टांगलेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलाच्या कोर्टाने पेटंट आणि भरपाई दोन्ही कायम ठेवली. मात्र मनाई हुकूम तैवानच्या मूळ कंपनीपर्यंत किती पोचावा, याचा फेरविचार करायला खालच्या कोर्टाला सांगितलं.

तसंही अमेरिकेत २००६च्या ईबे खटल्यापासून ठरलेलं आहे की पेटंट मोडलं म्हणून मनाई आपोआप मिळत नाही. पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान आहे का, कुणाला किती त्रास होईल, लोकहित कशात आहे, हे सगळं पाहावं लागतं.

या भांडणाचा परिणाम बाजारावर झाला. काही उत्पादकांनी पंप डबीतून काढून रेडिएटरवर किंवा नळीच्या मध्यावर नेला. कुणी कप्प्यांची मांडणी बदलली. काही माल अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतला गेला. म्हणजे पेटंटाने एक वाट बंद केली, तशा दोन-चार नव्या वाटा शोधायला भागही पाडलं. दोन्ही खरं आहे. पण नव्या वाटा शोधायला वकील आणि प्रयोगशाळा लागतात, आणि लहान कारखानदाराकडे दोन्ही नसतं. त्याला नोटीस आली की तो माल बंद करतो, बरोबर असला तरी.

महाडच्या माणसाने ‘पाणी’, ‘हक्क’ आणि ‘मनाई हुकूम’ हे शब्द एकत्र ऐकले की त्याला दुसरंच काही आठवतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काही स्पृश्यांनी महाडच्याच कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. १९३१ साली दावा फेटाळला गेला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो निकाल कायम केला.

या दोन खटल्यांना आम्ही एका तराजूत घालत नाही. तिथे माणसाचं माणूसपण पणाला लागलं होतं, इथे धंदा. पण दोन्हीकडे कोर्टासमोरचा पहिला प्रश्न एकच आहे: दुसऱ्याला अडवण्याचा हक्क तुला दिला कुणी? महाडला अडवणारे म्हणाले, आमची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. कोर्टाने पुरावा मागितला, आणि तो त्यांना देता आला नाही. तळं नगरपालिकेचं ठरलं. पेटंटमध्ये अडवणारा नेमकं उलटं म्हणतो: माझी युक्ती नवी आहे, म्हणून मी अडवतो. तिथे जुनेपणाची ढाल, इथे नवेपणाची. दोन्ही ढाली तपासूनच घ्याव्या लागतात. फरक एवढाच की पेटंटाच्या ढालीला मुदत असते, म्हणून ती सहन करता येते.

मग इथल्या पोरांनी यातून काय घ्यायचं? आम्हाला तीन गोष्टी वाटतात. एक, पेटंट गुप्त नसतं. असेटेकचं पेटंट आकृत्यांसकट कुणीही फुकट वाचू शकतो. आयटीआयच्या मुलाला पंपाची रचना शिकायला यापरतं पुस्तक नाही. दोन, वाचताना शेवटचे क्लेम आधी वाचा. वर्णनात काहीही लिहिलेलं असो, हक्क फक्त क्लेमच्या शब्दांना असतो. तीन, आपल्या १९७०च्या कायद्याचं कलम २५ सांगतं की पेटंट मिळण्याआधी त्याला कोणीही हरकत घेऊ शकतो. कोणीही. कंपनी लागत नाही, पदवी लागत नाही. जुना पुरावा लागतो.

ही बाब लांबची नाही. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला २०२० पासून मोठं डेटा सेंटर चालू आहे. एआयच्या चिपा आता इतक्या तापतात की नुसता वारा पुरत नाही. उद्या नळ्या, पंप, पट्ट्या यांचं काम रायगडात येईल. तेव्हा ते आपण नुसतं बसवणार, की त्यात आपलंही काही घालणार? महाबळेश्वराहून निघालेली सावित्री पोलादपुरावरून आपल्यापर्यंत येते. पाण्याने उष्णता उचलावी हा तिचा गुण कुणाच्या नावावर लागत नाही. नावावर लागते ती फक्त माणसाची मांडणी, आणि मांडणी सुचायला मुंबई-पुण्यातच जन्मावं लागतं असं काही नाही.

इथे थांबू. प्रश्न असतील तर विचारा. ज्यांनी प्लांटमध्ये काम केलंय त्यांनी आधी.